साखरेच्या डब्यातली दुपार

आमच्या घरात कुठलीही वस्तू आपलं काम करून गप्प बसत नाही. यांनी एकदा गीझर असा काही जोडला, की पाणी तापलं की दारावरची बेल वाजायची. कल्पना वाईट नव्हती. पण मी प्रत्येक वेळी उठून दार उघडायचे आणि बाहेर चिटपाखरूसुद्धा नसायचं. मग एकदा खरंच कुणीतरी बेल वाजवली, तर मी आतूनच म्हटलं, वाजू दे, पाणी तापलं असेल. बाहेर माझी सख्खी बहीण उभी होती, हातात सामान, कडेवर पोर. ती तशीच परत गेली आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. गल्लीत यांना खटपट्या म्हणतात ते उगाच नाही.

हे म्हणजे माझे यजमान. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, पंखा, कुणाचं काहीही बिघडलं की यांच्याकडे येतं. दुकान असं वेगळं नाही. सासऱ्यांची पिठाची गिरणी आहे, तिच्या पुढच्या बाजूला यांचं एक टेबल, त्यावर स्क्रू, तारा आणि चहाचे कप एकमेकांत मिसळलेले. टेबलाशेजारी माझा वजनकाटा. आत दळायचं जातं, त्याच्या मागे इंजिनाची खोली, आणि इंजिनाच्या खोलीला पाठ लावून आमची झोपायची खोली. मध्ये भिंत एकच, तीही एका विटेची. लग्न होऊन आले त्या दिवशी मला वाटलं होतं भूकंप झाला.

मुलगी झाली आणि मला अर्धशिशी लागली. दुपार झाली की अर्धं डोकं कुणीतरी फडक्यासारखं पिळतंय असं व्हायचं. मी एकदा, फक्त एकदाच, जेवताना म्हटलं, "या आवाजानं जीव जायची वेळ आलीय." सासऱ्यांनी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "गिरणीच्या घरात राहायचं तर आवाज सोसायला शिकावं."

झालं! ते वाक्य मी मनात घडी घालून ठेवलंय, अजून आहे. मीही काही कमी नाही. तिथंच सुनावलं, "शिकेन. मला कुणाचे उपकार नकोत." आणि शिकले की! जेवणं आटोपली की त्या भिंतीकडे डोकं करून मी अशी गाढ झोपते, की उठेपर्यंत डोकं हलकं झालेलं असतं. बहिणीला, शेजारणीला, दळणाला आलेल्या बायकांना, सगळ्यांना मी ऐकवत आले, सवय म्हणजे काय ते मला विचारा.

आता सासऱ्यांचं सांगते. माणूस बोलायला कंजूष. कौतुक तर त्यांनी आयुष्यात फक्त त्या इंजिनाचंच केलं. ते इंजिन म्हणजे एक सिलिंडरचं डिझेलचं धूड, बैलगाडीच्या चाकाएवढं त्याचं चाक. बनवणारी कंपनी माझ्या लग्नाआधीच बंद पडलेली. इंजिनाचा वेग सांभाळायला गव्हर्नर नावाचा एक भाग असतो, त्याच्या स्प्रिंगा केव्हाच ढिल्या झाल्या होत्या. म्हणजे जात्यात धान्य पडलं की इंजिन बसकण मारायचं, आणि धान्य संपलं की उधळायचं. या दोन्हींच्या मध्ये होता सासऱ्यांचा हात. डिझेलच्या पंपाला एक दांडी आहे. ती जरा पुढे केली की डिझेल जास्त, मागे केली की कमी. सासरे स्टुलावर बसून कानानं इंजिन ऐकायचे आणि हातानं दांडी हलवायचे. दिवसभर.

विजेची मोटर बसवा, असं सांगणारे शहाणे रोज भेटतात. आमच्या गल्लीत वीज पाहुण्यासारखी येते, आणि आली तरी बूड टेकत नाही.

पुढं सासऱ्यांचे कान गेले. आधी एक गेला, मग दुसऱ्यानंही तीच वाट धरली. तरी स्टूल सोडायला तयार नाहीत. कानानं ऐकू येईना तर जमिनीला पाय लावून इंजिन ओळखायला लागले. मग एक दिवस ते जातं फिरवणाऱ्या पट्ट्यापाशी वाकले होते. मी मागून जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, बाही!" त्यांना काही ऐकू गेलं नाही. फिरत्या पट्ट्यानं सदऱ्याची बाही खांद्यापासून उचकटून नेली. हात राहिला, हे नशीब. आणि सासरे आपल्या उघड्या हाताकडे बघून म्हणतात कसे, "जुनाच होता सदरा."

मी त्याच दिवशी जाहीर केलं, "यापुढे इंजिनाच्या खोलीत बाबा जाणार असतील, तर मी या घरात राहणार नाही." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. पण बाबा उठले तर दांडी कोण हलवणार? यांना ते जमत नव्हतं. हे दांडी धरून बसले की पीठ कधी रव्यासारखं पडायचं, कधी भुकटीसारखं. गिरणी बंद करायची का, इथपर्यंत गोष्ट आली. मग यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "इंजिनालाच कान बसवतो. आणि हातसुद्धा."

मी कपाळाला हात लावला, पण ते होईपर्यंत बाबांना स्टुलावर बसू दिलं, पट्ट्याकडे वाकायचं नाही या अटीवर. तोवर यांनी स्वयंपाकघरातला माझा साखरेचा स्टीलचा डबा उचलला होता. साखर परातीत ओतून मोकळे! "तारा आणि इंजिनाला हुकूम देणारा बोर्ड ठेवायला घट्ट झाकणाचं काहीतरी लागतं," म्हणाले. पुढे कित्येक दिवस मी साखर परातीतून घेत होते आणि मुंग्या माझ्याआधी घेत होत्या.

पहिला प्रयोग फार मोठा होता. भंगारातल्या एका गाडीचा विजेवर चालणारा पंप आणि नोझल यांनी आमच्या इंजिनाला चढवले. म्हणे, जुना पंप हवाच कशाला, डिझेल कधी आणि किती उडवायचं ते डबाच ठरवील. डब्यानं ठरवलं. पण इंजिनाला आणि डब्याला एकाच वेळी एकच गोष्ट सुचेना. इंजिन एकदा खोकलं, दोनदा शिंकलं, आणि धुराड्यातून असा काळा लोट निघाला की समोरची गल्ली दिसेनाशी झाली. समोर लॉन्ड्रीवाल्यानं चादरी वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या. कुठल्या तरी लॉजच्या. तो धुरातून एक चादर घेऊन चालत आला, यांच्या टेबलावर पसरली आणि म्हणाला, "हे बघा. बघितलंत?" हे म्हणाले, "बघितलं. डिझेल उशिरा पडतंय." मी ती सगळी धुणी धुतली, दुसरं कोण धुणार!

मग यांना अक्कल आली म्हणा, किंवा मी आणली म्हणा. जुना पंप तसाच ठेवायचा, फक्त सासऱ्यांच्या हाताऐवजी मोटरनं दांडी हलवायची. चाकाला एक चुंबक चिकटवलं, त्याच्यासमोर सेन्सर. चुंबक समोरून गेलं की डब्याला कळणार, एक फेरी झाली. त्यावरून वेग कळणार, आणि डबा मोटरला सांगणार, दांडी पुढे घे, मागे घे. मोटर कुठली, तर गाडीच्या काचेच्या वायपरची. ती आपल्या जुन्या नोकरीशी फार इमानदार निघाली. सुरू झाली आणि दांडी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. इंजिन हुंकारतंय, बसतंय, हुंकारतंय, बसतंय, आणि सासरे स्टुलावरून बघताहेत. बराच वेळ बघून म्हणाले, "पाऊस थांबला की सांगा."

त्या दिवशी मी पोट धरधरून हसले. हे मात्र हिरमुसले. मला वाईट वाटलं. कितीही झालं तरी हा माणूस बापासाठी करत होता. बापाला "उठा" असं तोंडानं सांगायची याची छाती नव्हती, म्हणून तो डब्याकडून सांगत होता.

दोन दिवसांनी यांनी मोटरचं डोकं दुरुस्त केलं. पण कुठल्या वेळी कोणता वेग ठेवायचा, किती धान्याला किती डिझेल, हे डब्याला कोण शिकवणार? हे म्हणाले, "बाबाच शिकवतील." रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, तसलं एक यांनी दांडीला बांधलं. सासऱ्यांनी दांडी हलवली की बटण फिरणार, आणि हात केव्हा कसा हलला ते डब्यात साठणार.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

हे कानात ओरडले, "डबा तुमचा हात शिकतोय, बाबा!"

"मला शिकवायला कुणी डबा आणला नव्हता," सासरे म्हणाले. पण सुरुवातीला ते फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसायचे. दांडी अशी अदबीनं हलवायचे की दळणाला आलेला बेकरीवाला पीठ चोळून म्हणाला, "आज काय घरात कार्य आहे का?" मग हळूहळू ते डब्याला विसरले आणि नेहमीसारखे चालवायला लागले.

आता यांची खरी करामत सांगते. इंजिन सकाळी गार असतं तेव्हा बाबा त्याला सावकाश घेतात, तापलं की वेग वाढवतात. म्हणजे इंजिन किती तापलंय ते डब्याला कळायला हवं. त्याचा सेन्सर यांनी लावला, तो जळाला. दुसरा लावला, तोही जळाला. तिसऱ्याच्या वेळी हे म्हणाले, "तापमान मरू दे. डब्यात घड्याळ बसवतो. सकाळ म्हणजे गार, नंतर गरम. वेळ कळली म्हणजे झालं!" दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकच्या डोक्यात हे आलं नसतं, आणि आलं असतं तर त्यानं झटकून टाकलं असतं. आमच्या खटपट्यानं तिथल्या तिथं घड्याळ बसवलं.

परीक्षेच्या दिवशी बेकरीवाल्याला मुद्दाम बोलावलं. तो आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात संशयी माणूस. पोती आली. इंजिन सुरू झालं. सासरे स्टुलावर नाहीत, बाहेर बाकावर! धान्य पडलं, इंजिन जरा दबलं, आणि मोटरनं दांडी अलगद पुढे घेतली. हुबेहूब सासऱ्यांसारखी. धान्य संपलं, दांडी मागे. बेकरीवाला चिमटीत पीठ घेऊन चोळत राहिला, चोळत राहिला, आणि म्हणाला, "बाबांचंच पीठ आहे हे." यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी पिठावर ढकललं.

मग जेवणं झाली. मी नेहमीसारखी आडवी झाले, त्यामुळे पुढचं सगळं मला उठल्यावर कळलं. झालं काय, तर चांगलं चाललेलं इंजिन आपोआप हळू झालं. जातं रेंगाळायला लागलं. बेकरीवाला घड्याळ बघायला लागला. यांनी तारा हलवून पाहिल्या, डिझेल गाळून पाहिलं, डब्याला ऊन लागत असेल म्हणून त्याच्यावर छत्री धरून उभे राहिले. खोलीच्या आत! आणि मग इंजिनानं जसं मनानं वेग कमी केला तसा मनानंच वाढवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, जेवणानंतर, तेवढाच वेळ. बाकावर सासरे आभाळाकडे बघत बसलेले, जसं काही त्यांचा या गावाशी संबंधच नाही.

शेवटी यांनी डबा कॉम्प्युटरला जोडला आणि म्हणाले, "अरेच्चा! हा बिघाड नाही. हे बाबांचंच आहे. बाबा रोज जेवणानंतर इंजिन हळू ठेवत होते!" आणि कानात ओरडले, "दुपारी हळू का करता हो, बाबा?"

सासऱ्यांनी सदऱ्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "डुलकी लागते मला."

ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची एक चूक कबूल केली नाही, तो म्हणतो डुलकी लागते! मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी आगीत तेल ओतायलाच टपले होते. म्हटलं, "ऐकलंत? फिरत्या पट्ट्याशेजारी डुलक्या! आणि मी ओरडले की मी वाईट! यापुढे त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, सांगून ठेवते."

यांनी डब्यातली ती हळू दुपार पुसून टाकली. सगळी दुपार सकाळसारखी, सपाट वेगाची केली. आणि तेव्हा सासरे पहिल्यांदा बाकावरून उठले.

"सगळं डब्याला दे," ते यांना म्हणाले. "मी काही म्हणत नाही. जेवणानंतरचं तेवढं माझ्याकडे राहू दे."

"अहो, दुपारी डुलकी लागते म्हणता आणि नेमकी दुपारच मागता?" मी म्हटलं. यांनी ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"नाही लागणार डुलकी."

"आणि बाही? आता हातच जाऊ दे एकदाचा, म्हणजे समाधान!"

त्यांचं तोंड असं झालं, की काहीतरी ओठांवर आलंय आणि ते गिळताहेत. "थोडा वेळच," ते म्हणाले. सासऱ्यांनी कुणाची अशी विनवणी केलेली मी तोवर पाहिली नव्हती. पण बाहीचं आठवलं, आणि मी इंजिनाच्या खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली. भांडण मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि मी भिंतीकडे डोकं करून पडले. अगं बाई! भिंत थडथडत होती. फळीवरचा पाण्याचा पेला किणकिणत होता. पलंगाचा पाय जमिनीवर टकटक करत होता. मी कूस बदलली, उशी डोक्यावर घेतली, कानात कापूस घातला. अर्धं डोकं उसळायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. इतक्या वर्षांची माझी सवय, जिचे मी गावभर ढोल वाजवले, ती कुठं गेली?

मी तशीच तणतणत बाहेर आले. "काय केलंत तुम्ही त्या डब्याला? डोकं फुटायची वेळ आलीय माझी! भिंत नाचतेय!"

"मी कुठं काय केलं?" हे म्हणाले. "सकाळचाच वेग आहे. फक्त बाबांची डुलकी काढून..." आणि यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. हे माझ्याकडे बघायला लागले. मग आम्ही दोघांनी बाकाकडे बघितलं.

सासरे मोठ्यानं म्हणाले, "काय झालं?"

"हिचं डोकं दुखतंय!" हे कानात ओरडले. "आवाजानं!"

सासरे ताडकन उठले. "मग मी काय सांगत होतो? दुपारचं माझ्याकडे ठेवा म्हणून घसा कोरडा केला! कुलूप काय घालता, किल्ली काय लावता!"

ते ताटातून मान न उचलता बोललेलं वाक्य मी इतकी वर्षं घडी घालून ठेवलं होतं. आणि हा माणूस ते बोलून, हात धुऊन, जाऊन दांडी मागे घेऊन बसला होता. त्या दिवसापासून रोज. मला रडू आलं आणि रागही आला. आधी राग बाहेर पडला.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "अहो, पण सांगायचं ना तसं! तोंड दिलंय ना देवानं?"

"काय सांगायचं?" सासरे म्हणाले. "तू म्हणाली असतीस, उपकार नकोत. आणि झोपली नसतीस."

अगदी तस्संच म्हणाले असते मी. शब्दसुद्धा तेच.

मी कुलूप काढलं, यांनी लगेच डबा उघडला. पुसलेली दुपार त्यातून परत मिळेना, म्हणून हे अंदाजानं वेग कमी करत गेले आणि मी आत भिंतीला कान लावून सांगत गेले, अजून हळू, अजून, आता बास. पेल्याची किणकिण थांबली तेव्हा मी ओरडले, "हाच!" बेकरीवाल्यानं पुढच्या खेपेला तक्रार केली, की दुपारी तुमचं इंजिन पेंगतं. मी म्हटलं, "ते पहिल्यापासून तसंच आहे. घाई असेल तर सकाळी या." किल्ली मात्र अजून माझ्या कमरेलाच आहे. बाहीचं मी विसरलेले नाही, आणि ते सासऱ्यांनाही माहीत आहे.

काल जेवणानंतर मी आडवी झाले. खिडकी उघडी होती. बाहेरून पावलं आली, तेव्हा मी एक डोळा किलकिला केला. सासरे बाकावरून उठून आले होते. ऐकू तर येत नाही, मग इंजिन हळू झालं की नाही ते कळायचं कसं? त्यांनी खिडकीच्या भिंतीवर, माझ्या उशापाशी, बाहेरून तळहात टेकवला, आणि मान खाली घालून तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग खिडकीतून आत डोकावले.

मी चटकन डोळे मिटले. झोप कसली येतेय! पण हूं की चूं न करता तशीच पडून राहिले, उगाच त्यांना वाटायला नको की डबा बिघडलाय.